३२५चे २७५ कसे झाले

टाटांच्या नेक्सॉन ईव्हीमध्ये लहान बॅटरीची जी गाडी आहे, तिची जाहीर रेंज २०२४ च्या अखेरीस ३२५ किलोमीटरवरून २७५ वर आली. गाडीत काही बिघडलं नव्हतं. बॅटरी तीच, ३० युनिटची. मोटर तीच, टायर तेच. उतरला तो फक्त माहितीपत्रकावरचा आकडा. शिवाय कंपनीने शेजारीच आणखी एक आकडा छापला: २१० ते २३०. एकच गाडी, एकच बॅटरी आणि उत्तरं तीन. जळगाव-धुळ्याकडचा माणूस शोरूममध्ये गेल्यावर पहिला प्रश्न विचारतो, ‘भो, एका चार्जिंगमध्ये किती चालते?’ त्याला यातलं कोणतं उत्तर मिळेल, हे समोरच्या सेल्समनवर अवलंबून.

कंपन्या थापा मारतात, असं म्हणून हा विषय संपवता येतो आणि पुष्कळ जण संपवतातही. मला ते पटत नाही. ३२५ हा आकडा खोटा नव्हता. तो ज्या कामासाठी जन्माला आला, ते काम वेगळं होतं, एवढंच.

या आकड्याचा माग काढत गेलं की पहिला मुक्काम पुण्याला पडतो. वेताळ टेकडीच्या अंगाला १९६६ साली स्थापन झालेली ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया, म्हणजे एआरएआय, ही संस्था आहे. इथे गाडी रस्त्यावर धावत नाही. खोलीत मोठाल्या रोलरवर तिची चाकं ठेवतात, चाकं फिरतात आणि गाडी जागेवरच असते. चालकासमोरच्या पडद्यावर वेगाची रेघ सरकत असते. त्या रेघेबरहुकूम पाय दाबायचा आणि सोडायचा. खोलीचं तापमान वीस ते तीस अंशांच्या दरम्यान, एसी बंद. एक फेरी संपली की दुसरी, मग तिसरी, बॅटरी रेघेला साथ देईनाशी होईपर्यंत. तोवर जेवढं अंतर भरलं, ती रेंज.

सगळी मेख त्या रेघेत आहे. तिचं नाव मॉडिफाइड इंडियन ड्रायव्हिंग सायकल, आद्याक्षरांनी एमआयडीसी. (आमच्याकडे एमआयडीसी म्हटलं की चटई आणि पीव्हीसी पाइपचे कारखाने डोळ्यांसमोर येतात. त्या वसाहतीचा इथे काही संबंध नाही.) रेघेचे दोन भाग आहेत. पहिला शहराचा: १९५ सेकंदांचा तुकडा चार वेळा. त्यात वेग ५० च्या वर जात नाही आणि सरासरी पडते ताशी १९ किलोमीटर. शून्यापासून पन्नासला पोहोचायला रेघ २६ सेकंद घेते. नवरीची गाडीसुद्धा याहून जोरात सुटते. दुसरा भाग हायवेचा: ४०० सेकंद, कमाल वेग ९०, सरासरी साठाच्या आत. दोन्ही मिळून ११८० सेकंद, म्हणजे वीस मिनिटंही नाहीत, आणि अंतर साडेदहा किलोमीटरच्या थोडं पुढे.

२०२४ पर्यंत इलेक्ट्रिक गाडीच्या जाहिरातीत फक्त पहिल्या भागावरची रेंज चालून जायची. मग दोन्ही भाग मिळून येणारा आकडा सांगायचं ठरलं आणि ३२५चे २७५ झाले. तिसऱ्या आकड्याला टाटांनी ‘सी-७५’ असं नाव दिलं. चारांपैकी तीन ग्राहकांना प्रत्यक्षात निदान एवढी रेंज मिळते, असा त्याचा अर्थ. रस्त्यावर ज्याचा जन्म झाला असा तिघांतला हा एकटाच.

आता पुण्याच्या मागे जाऊ. वेगाची ही रेघ पुण्यात आखलेली नाही. तिचा शहरी भाग १९७० सालच्या युरोपातला आहे. पॅरिस, रोम अशा शहरांच्या गर्दीत गाड्या कशा चालतात, याचा तो अंदाज. १९९० मध्ये त्याला हायवेचं शेपूट जोडलं, त्यात कमाल वेग १२० ठेवला. आपण २००० साली धुराचे नवे नियम लावताना ही रेघ उचलली आणि आपल्या रस्त्यांकडे पाहून १२० चे ९० केले. त्याआधी आपली स्वतःची रेघ होती: १०८ सेकंदांची, कमाल वेग ४२, सरासरी बावीसच्याही आत. ती ऐंशीच्या दशकातली. इलेक्ट्रिक स्कूटरच्या जाहिरातीत आजही ‘आयडीसी रेंज’ असं बारीक अक्षरात दिसतं, ते या जुन्या रेघेचं नाव.

या रेघा आखल्या कशासाठी? धुरासाठी. लॉस एंजेलिसचं आकाश धुरकटलं, युरोपातली शहरं खोकू लागली, तेव्हा प्रत्येक गाडीचा धूर सारख्या परिस्थितीत मोजायची गरज पडली. गाडी कोणत्याही कंपनीची असो, रेघ एकच. त्यामुळे तुलना करता येते. या कामाला ती रेघ उत्तम होती. धूर मोजता मोजता अ‍ॅव्हरेज हाताशी आलं. धुरातला कार्बन मोजला की किती पेट्रोल जळलं याचा हिशेब मांडता येतो, आणि प्रयोगशाळेतलं अ‍ॅव्हरेज तसंच काढतात. म्हणजे ‘लिटरला इतके किलोमीटर’ हा आकडा मुळात धुराचं पोटउत्पन्न. पुढे ज्या गाडीला धूरच नाही, तिलाही त्याच रेघेवर चालवलं आणि आलेल्या अंतराला रेंज म्हटलं.

पेट्रोलच्या गाड्यांत ही तफावत नव्हती असं नाही. १९८५ साली हिरो होंडाची सीडी १०० आली ती लिटरला ८० किलोमीटरचा डंका पिटत. जाहिरातीच्या तळाशी ‘केंद्रीय मोटार वाहन नियम ११५ नुसार प्रमाणित’ ही ओळ आपण वर्षानुवर्षं वाचली आणि सोडून दिली. ऐंशी सांगितलेली गाडी साठ देते हे गृहीतच होतं. कारण धुळ्याहून जळगावला निघालं की मुकटी, पारोळा, एरंडोल, पाळधी, वाटेत कुठे ना कुठे पंप येणारच. कमी अ‍ॅव्हरेजचा फटका खिशाला बसायचा, प्रवासाला नाही. इलेक्ट्रिक गाडीत तोच पाव हिस्सा रस्त्यावरच्या किलोमीटरमध्ये कापला जातो. आकडा जुनाच, त्याची टोच नवी.

खरं तर टोचही तेवढी नवी नाही. शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेत डेट्रॉइट इलेक्ट्रिक नावाची मोटार मिळायची. एका चार्जिंगमध्ये ८० मैल, म्हणजे सुमारे १३० किलोमीटर, अशी तिची जाहिरात. एका चाचणीत मात्र तीच गाडी २११ मैल गेली. गाडीचा वेग ताशी वीस मैलांच्या आसपास होता, हे ध्यानात घेतलं की चमत्कार उरत नाही. पण त्या कंपनीचं मला कौतुक वाटतं. हातात २११ असताना जाहिरातीत ८० लिहिण्याचा संयम नंतर फारसा दिसला नाही.

आपल्याकडे १९९३ मध्ये लव्हबर्ड आली, साठेक किलोमीटर जाणारी. २००१ मध्ये बंगळुरूची रेवा, ८० किलोमीटर. २०१३ मध्ये महिंद्राची ई-टू-ओ, १००. या गाड्या गाव सोडून जायच्याच नाहीत, त्यामुळे आकड्यावरून भांडण्याचं कारण नव्हतं. जानेवारी २०२० मध्ये नेक्सॉन ईव्ही ३१२ किलोमीटरचा आकडा घेऊन आली आणि भांडण सुरू झालं. मार्च २०२१ मध्ये एका ग्राहकाच्या तक्रारीवरून दिल्ली सरकारने या गाडीचं अनुदान थांबवलं. गाडी दोनशेच्या पुढे जात नाही, अशी ती तक्रार होती. कंपनी उच्च न्यायालयात गेली आणि आदेशाला स्थगिती मिळाली. रेघेवर ३१२ आणि रस्त्यावर दोनशे या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, हे तोवर कुणी नीट समजावून सांगितलंच नव्हतं.

जगभर हाच गोंधळ होता. ४० युनिटची निसान लीफ घ्या. जपानच्या रेघेवर ४००, युरोपच्या जुन्या रेघेवर ३७८, नव्या रेघेवर २७० आणि अमेरिकेत २४३ किलोमीटर. युरोपने २०१७ पासून जुनी रेघ मोडीत काढून डब्ल्यूएलटीपी आणली. तिच्यासाठी ज्या देशांतल्या प्रत्यक्ष वाहतुकीची माहिती गोळा केली, त्यात भारतही होता. आपल्या रस्त्यांची माहिती युरोपच्या रेघेत गेली आणि आपण मात्र युरोपने टाकलेल्या रेघेवर बसून राहिलो. अमेरिकेची तऱ्हा सगळ्यांत रांगडी: प्रयोगशाळेतला आकडा घ्यायचा आणि बहुतेक वेळा सरळ ०.७ ने गुणायचा. त्यांच्या रेघा वेगळ्या आहेत हे मान्य, पण गंमत म्हणून ३२५ ला ०.७ ने गुणून पाहा. २२७ येतात. सी-७५ चे २१० ते २३० इथेच तर आहेत.

आता खानदेशचा रस्ता. सुरत-नागपूर हायवे धुळ्याहून जळगावकडे जातो. फागणे ते तरसोद हा पट्टा दुपदरी होता, तेव्हा ट्रकमागे आणि खड्ड्यांतून पन्नासच्या वर जाणं मुश्कील. त्या रस्त्यावर इलेक्ट्रिक गाडीने माहितीपत्रकाच्या बरंच जवळ जाणारं अंतर दिलं असतं. चौपदरी झाल्यावर काटा शंभरला टेकतो. वेग दुप्पट झाला की हवेचा विरोध चौपट होतो, आणि रेघेला शंभर हा वेग ठाऊकच नाही. रस्ता सुधारला आणि रेंज घटली.

एसीची गोष्ट उलटी आहे. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, तेव्हा एसी ताशी दीड युनिट सहज खातो. हायवेला एका तासात ऐंशी किलोमीटर होतात, म्हणून ते जाणवत नाही. गावात तेवढ्याच तासात वीसच किलोमीटर होतात आणि गाडी स्वतः दोनेक युनिट खाते, त्यावर हे दीड. म्हणजे ज्या शहरी भागावर ३२५ बेतलेले होते, तिथेच आमचा उन्हाळा सगळ्यांत महाग पडतो. एक सूट मात्र मिळते. पंचेचाळीस अंशांची हवा वीस अंशांच्या हवेपेक्षा सुमारे आठ टक्के विरळ असते, तेवढा हायवेवरचा विरोध कमी. या उन्हाने दिलेली बहुधा एवढी एकच सवलत.

लोक धास्ती घेतात ती घाटाची. कन्नडचा घाट, अजिंठ्याचा घाट, नाशिकची चढण. ही धास्ती मला अवाजवी वाटते. धुळे समुद्रसपाटीपासून अडीचशे मीटर, नाशिक सहाशेच्या आसपास. माणसांसकट सतराशे किलोची गाडी साडेतीनशे मीटर वर न्यायला दीड युनिटच्या थोडी वर ऊर्जा लागते, मोटरची गळती धरली तर दोन युनिट. म्हणजे पंधरा किलोमीटरची रेंज गेली, आणि परत येताना उतारावर त्यातली काही बॅटरीत जमा होते.

खरा चोर वारा आहे आणि तो दिसत नाही. साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्यांची जत्रा उभी आहे, ती उगाच नाही. पावसाळ्याच्या तोंडाशी पश्चिमेचा वारा तिथून सणसणत येतो. धुळ्याहून सुरतेला ऐंशीने निघालेल्या गाडीला समोरून ताशी तीसचा वारा लागला, तर हवेच्या हिशेबी तिचा वेग एकशे दहा होतो आणि विरोध जवळजवळ दुपटीला पोहोचतो. परतताना तोच वारा पाठीशी. पुण्याच्या खोलीत समोरून पंखा असतो, पण तो गाडीच्या वेगाशी जुळवलेला. साक्रीचा वारा कुणाशी जुळवून घेत नाही.

आणखी एक कात्री चालते. चाचणीत बॅटरी शंभरावरून पार रिकामी करतात. प्रवासात ऐंशी टक्क्यांनंतर फास्ट चार्जर रेंगाळतो आणि दहाच्या खाली जायला कुणाचा जीव धजत नाही. मधल्या सत्तर टक्क्यांत सी-७५ चे २१० ते २३० म्हणजे १४७ ते १६१ किलोमीटर. धुळे-नाशिक अंतर दीडशेच्या थोडं पुढे आहे. घरून शंभर टक्के भरून निघालात तर जाताना निभतं. परतीला मात्र चार्जर ऐंशीवर सोडलात, तर चांदवड-मालेगावच्या पट्ट्यात वीस मिनिटं थांबायची तयारी ठेवूनच नाशिक सोडावं.