उसन्या ४८ तासांची कुळकथा

दिवस भरायच्या आत कळा सुरू झाल्या, तर एके काळी बाईला सलाइनमधून दारू देत. फ्रिट्झ फुक्स या डॅनिश प्रसूतितज्ज्ञानं हा उपाय १९६७ साली न्यूयॉर्कहून मांडला. गर्भाशय आवळणाऱ्या ऑक्सिटोसिनचा स्राव अल्कोहोलनं आटतो, हा त्यामागचा विचार. बाई झिंगायची, ओकायची, आणि नाळेतून तीच दारू बाळापर्यंत पोचायची.

त्याच सुमारास ऑकलंडला ग्रॅहॅम लिगिन्स मुळात कळा सुरू कशा होतात, हे मेंढ्यांमध्ये शोधत होते. पोटातल्या कोकराला स्टेरॉइड टोचलं की मेंढी लवकर व्यायची. असंच एक कोकरू इतकं लवकर जन्मलं की ते जगायलाच नको होतं. पण ते श्वास घेत होतं, त्याची फुप्फुसं थोडीफार उघडली होती! लिगिन्स आणि रॉस हाउई यांनी मग २८२ मातांवर स्टेरॉइडची चाचणी केली. गरज पडेल तिथं दारूची किंवा साल्ब्युटामॉलची धार लावून बाळंतपण लांबवलं. कळा आपसूक आलेल्या, पण स्टेरॉइड न मिळालेल्या मातांची १५ टक्के बाळं सुरुवातीच्या दिवसांत दगावत होती. स्टेरॉइड मिळालेल्या गटात ३.२ टक्के. हे १९७२ साली छापून आलं.

बाळंतपण लांबवणं दोन्ही गटांत होतं. फरक पडला तो स्टेरॉइडनं. माझ्या मते पुढं सगळी गफलत इथंच झाली. कौतुक कळा थांबवणाऱ्या औषधांच्या वाट्याला गेलं.

दारू मागं पडली, १९८० साली अमेरिकेत रिटोड्रिन या कळा थांबवणाऱ्या औषधाला मान्यता मिळाली. आपल्याकडे सर्रास लिहून दिलं जाणारं आयसॉक्सुप्रिन त्याच्याच भावकीतलं. १९९२च्या कॅनडातल्या चाचणीत ७०८ स्त्रिया होत्या. रिटोड्रिननं बाळंतपण दिवस-दोन दिवस लांबलं, बाळांचे मृत्यू मात्र घटले नाहीत. आईच्या छातीत धडधड व्हायची ती वेगळीच. आईला कमी त्रास देणाऱ्या अटोसिबान या औषधाच्या युरोपातल्या चाचणीचा निकाल २०२५ साली आला. तिसाव्या ते चौतिसाव्या आठवड्यांदरम्यान कळा आलेल्या स्त्रियांच्या बाळांत मृत्यू किंवा गंभीर आजार औषधानं ८ टक्के, नुसत्या सलाइननं ९. म्हणजे सांगण्याजोगा फरक नाहीच.

डेक्सामेथासोन या स्टेरॉइडची चार इंजेक्शनं बारा-बारा तासांनी द्यायची असतात. तेवढी सवड आणि मोठ्या रुग्णालयापर्यंतचा प्रवास, एवढ्यापुरतंच बाळंतपण लांबवण्याला मोल आहे. म्हणून तालुक्याहून १०८ची गाडी निघण्याआधी पहिलं इंजेक्शन टोचलं का, हे घरच्यांनी आवर्जून विचारावं.