महमल आणि हमाल

मक्केचा पहिला फोटो कुणी काढला असेल, असं विचारलं तर बरेच जण अंदाज बांधतात की वेषांतर करून आत शिरलेल्या एखाद्या युरोपियन प्रवाशानं. कॅमेरा युरोपचा, म्हणून फोटोही युरोपियनानं काढलेला, आणि आपण मुसलमान मात्र तेव्हा तसवीर हराम की हलाल याचाच खल करत बसलो होतो, असा एक समज आपल्यातही पक्का बसला आहे. इतिहास वेगळं सांगतो. मदिनेचे पहिले ज्ञात फोटो 1861 साली आणि मक्केचे 1880 साली मुहम्मद सादिक बे या इजिप्शियन लष्करी अधिकाऱ्यानं काढले. तो पेशानं इंजिनिअर आणि मोजणी अधिकारी. शिक्षण कैरोत आणि पॅरिसमध्ये झालेलं. 1881 साली व्हेनिसला भूगोलतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत त्याला सुवर्णपदकही मिळालं.

एवढं सांगून थांबलो तर अभिमानाची गोष्ट तयार होते, पण ती अर्धीच राहते. सादिक बेनं हे सामान हिजाजमध्ये नेलं कसं, हा प्रश्न विचारला की उरलेली अर्धी गोष्ट हाती लागते.

तेव्हाचा कॅमेरा म्हणजे लाकडी पेटी, चामड्याचा भाता, पितळी लेन्स आणि तिकाटणं. पण खरं ओझं कॅमेऱ्याचं नव्हतं, काचेचं होतं. आज आपण छोट्या फोटोचा मोठा फोटो सहज करून घेतो. त्या काळी तशी सोय व्यवहारात जवळपास नव्हती. काचेची निगेटिव्ह कागदावर ठेवून उन्हात छापायची, म्हणजे जेवढी काच तेवढाच फोटो. मोठा फोटो हवा तर मोठी काच आणि ती मावेल एवढा मोठा कॅमेरा. साधा हिशोब करून पाहा. 12 बाय 10 इंचांची अडीच मिलिमीटर जाडीची एक काच साधारण अर्धा किलो भरते. शंभर काचा म्हणजे पन्नास किलो. त्या ठेवायच्या खाचांच्या लाकडी पेट्यांचं वजन वेगळं.

एवढ्यावर भागत नव्हतं. सादिक बेच्या काळातली पद्धत ओल्या काचेची होती. काचेवर कलोडियन नावाचं चिकट द्रावण ओतायचं, काच अलगद कलती करून ते सगळीकडे सारखं पसरवायचं, मग अंधारात ती सिल्व्हर नायट्रेटच्या पाण्यात बुडवायची. आता ती प्रकाश टिपायला तयार. पण ती ओली असेपर्यंतच! जेमतेम दहा मिनिटं, कडक उन्हाळ्यात त्याहूनही कमी. तेवढ्यात फोटो घ्यायचा, परत अंधारात यायचं, काचेवरचं चित्र रसायनानं उमटवायचं, पक्कं करायचं आणि भरपूर पाण्यानं धुवायचं. म्हणजे फोटोग्राफर जिथे जाईल तिथे अंधारखोलीचा तंबू, रसायनांच्या बाटल्या, थाळ्या आणि पाणी हे सगळं बरोबर न्यावं लागे.

आता हे वाळवंटात मांडून पाहा. कलोडियनमध्ये ईथर असतं आणि ईथर साधारण 35 अंश सेल्सिअसला उकळतं. गरम हवेत ते काचेवर नीट पसरायच्या आधीच उडून जायला लागतं. काच चिकट, त्यामुळे वाऱ्यानं आलेली धूळ तिच्यावर बसते आणि फोटोत कायमची राहते. पाण्याचा प्रश्न तर सगळ्यात मोठा. ज्या प्रवासात माणसाला आणि जनावराला प्यायचं पाणी मोजून मिळतं, तिथे काचा धुवायला पाणी कोण देणार?

उत्तर सादिक बेच्या हुद्द्यात आहे. 1861 साली तो लाल समुद्रावरच्या वज्ह बंदरापासून मदिनेपर्यंतच्या रस्त्याची मोजणी करायला सरकारी कामावर गेला होता. 1880 साली, म्हणजे हिजरी 1297 च्या हजला, तो इजिप्तच्या महमलबरोबर अमीन-उस-सुर्रा म्हणून गेला. महमल म्हणजे उंटावरची सजवलेली शाही अंबारी. ती दरवर्षी कैरोहून हाजींच्या काफिल्याबरोबर निघे. काबाचा किस्वाही इजिप्तहूनच जाई. सुर्रा म्हणजे हरमैनसाठी पाठवल्या जाणाऱ्या रकमेची थैली, आणि सादिक बे त्या खजिन्याचा जबाबदार अधिकारी. काफिल्यात उंट होते, उंटवाले होते, तंबू होते, पखाली होत्या आणि रक्षणाला सैनिक होते. म्हणून काचेच्या पेट्या मक्केपर्यंत पोहोचल्या. एखाद्या साध्या हाजीला फोटोग्राफी कितीही अवगत असती, तरी पाठीवर वळकटी आणि कमरेला कसा बांधून हे त्याला जमलं नसतं.

ओझ्यानं आणखी एक गोष्ट ठरवली, ती म्हणजे फोटोत काय दिसणार. असा कॅमेरा हातात धरून गर्दीत शिरता येत नाही. तो एका जागी रोवायचा आणि तंबू जवळ हवा. त्यामुळे सादिक बेच्या फोटोंत उंचावरून घेतलेली दृश्यं आहेत, मस्जिद-ए-हरमचा विस्तार आहे, अनेक काचा जोडून केलेली लांबलचक चित्रं आहेत. काचेवर प्रकाश काही सेकंद पडू द्यावा लागे. त्या अवधीत नमाजसाठी स्थिर असलेली सफ उमटू शकते, तवाफ करणारा माणूस मात्र धूसर होतो किंवा दिसतच नाही. जुने फोटो पाहून आपण म्हणतो, तेव्हा हरम किती शांत होता. त्या शांततेतला काही भाग काचेच्या संथपणाचा आहे.

याच काळात आपल्या देशात सॅम्युअल बोर्न हा इंग्रज असंच ओझं हिमालयात चढवत होता. नॉटिंगहॅमच्या बँकेतली नोकरी सोडून 1863 साली तो हिंदुस्थानात आला आणि त्याच वर्षी सिमल्याहून पहिल्या मोहिमेवर निघाला, तो सुमारे तीस हमाल घेऊन. सामानात 12 बाय 10 इंचांच्या काचा होत्या आणि दहा फूट उंचीचा अंधारतंबू होता. 1866 साली त्यानं 18,600 फुटांवरच्या मणिरंग खिंडीत फोटो काढले. त्या उंचीवर तोवर कुणी कॅमेरा लावला नव्हता. लंडनच्या फोटोग्राफीच्या नियतकालिकात त्यानं या मोहिमांबद्दल लिहिलं. त्या लेखांत हमाल येतात ते संख्या म्हणून आणि तक्रार म्हणून. ओझी टाकून पळालेल्या हमालांना शोधून आपण काठीनं हाणलं, हेही तो बिनदिक्कत लिहितो. शेतीची कामं सोडून आलेला, बर्फात धड जोडे नसलेला पहाडी माणूस का पळाला असेल, हा प्रश्न त्याला फारसा पडत नाही. फोटोंखाली नाव बोर्नचं आणि आज किंमतही त्याच नावाची.

इथे माझ्यातला भाषेचा शिक्षक मध्ये बोलल्याशिवाय राहत नाही. अरबीत ह-म-ल या धातूचा अर्थ वाहून नेणं, उचलणं. ज्यात वाहून न्यायचं तो ‘महमल’. उर्दूत गर्भाला ‘हमल’ म्हणतात, कारण आई ते ओझं वाहते. आणि वाहणारा तो ‘हमाल’, जो मराठीत इतका रुळला की तो अरबीतून आला हे कुणाच्या ध्यानातही येत नाही. ‘तसवीर’ही अशीच मराठीत येऊन ‘तसबीर’ झाली आणि भिंतीवर टांगली गेली. महमल आणि हमाल एकाच धातूचे. पण महमलला तोफांची सलामी मिळते आणि हमालाला हजेरीपत्रकातला आकडा.

सादिक बेनंतर थोड्याच वर्षांत चित्र बदललं. कोरड्या काचा रूढ झाल्या. त्या कारखान्यातून तयार मिळत, महिनोन्‌महिने टिकत आणि फोटो घेतल्यावर सवडीनं धुता येत. तंबू, बाटल्यांची रांग, पखाली यांची गरज संपली. ओझं उतरताच मक्केत राहणारा एक डॉक्टर, सय्यद अब्दुल गफ्फार, फोटो काढू लागला. काफिल्याची आणि शाही हुद्द्याची त्याला गरज नव्हती. डच अभ्यासक स्नूक हुर्खोन्ये 1885 साली काही महिने मक्केत होता. त्याच्याकडून या डॉक्टरनं कामातले बारकावे शिकले, आणि स्नूकला शहर सोडावं लागल्यावरही फोटो काढून त्याला पाठवत राहिला. आपल्या फोटोंवर तो अरबीत ठसठशीत सही करी. 1889 साली स्नूकनं ते युरोपात छापले, तेव्हा सही पुसलेली होती. उरला फक्त ‘मक्केतला एक डॉक्टर’.

म्हणून ‘पहिला फोटो आपल्या माणसानं काढला’ एवढ्यावर छाती फुगवणं मला पुरेसं वाटत नाही. सादिक बेचं नाव आपल्या मुलांना माहीत असायलाच हवं, अब्दुल गफ्फारचंही. पण पुसलेल्या सहीबद्दल दुसऱ्याला जाब विचारताना, उंटवाल्यांची आणि भिश्तींची नावं आपण कधी विचारली का, हेही पाहायला हवं. कोकणातून, मराठवाड्यातून मुंबईला येऊन आगबोटीनं हजला गेलेल्या आपल्या पूर्वजांच्या पेट्याही गोदीत कुणीतरी डोक्यावरून वाहिल्याच होत्या.

पुढच्या वेळी मक्केचा एखादा जुना फोटो मोबाइलवर आला तर तो पुढे पाठवण्याआधी क्षणभर थांबून पाहा. त्यात काबा दिसेल, कमानी दिसतील, डोंगर दिसतील. कॅमेऱ्याच्या मागे, चौकटीबाहेर, काचांच्या पेट्या उतरवून घाम पुसत बसलेली माणसं दिसणार नाहीत. पण ती तिथे होती.