शांतारामांचा उतार कुठून मोजायचा?

व्ही. शांताराम यांचे चांगले चित्रपट कोणते आणि वाईट कोणते, हा मराठीतला जुना वाद बहुतेक वेळा एका सनावर येऊन थांबतो. १९४२ साली त्यांनी पुण्याची ‘प्रभात’ सोडली आणि मुंबईत परळला ‘राजकमल कलामंदिर’ उभे केले. त्या सनाच्या आधी ‘कुंकू’, ‘माणूस’, ‘शेजारी’; नंतर ‘नवरंग’, ‘सेहरा’, ‘जल बिन मछली नृत्य बिन बिजली’. आधीचे अस्सल, नंतरचे भडक, अशी ही वाटणी आहे आणि ती फार कमी वेळा तपासली जाते. ती जिथे उभे राहून केली गेली, ती जागाच मला पटत नाही. चित्रपट ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने, शहरातल्या पक्क्या थिएटरात पाहू शकणाऱ्यांची ती वाटणी आहे. वाशीम जिल्ह्यातल्या, मंगरुळपीर तालुक्यातल्या शेलूबाजारसारख्या गावाच्या बाजूने पाहिले, तर रेघ दुसरीकडे पडते.

शेलूबाजारच्या नावातच बाजार आहे, आणि वऱ्हाडातल्या अशा गावांपर्यंत सिनेमा पोचला तो बाजार आणि जत्रा यांच्याच वाटेने. धंद्याच्या नकाशावर हा मुलूख मुंबई सर्किटमध्ये नव्हता. तो होता ‘सीपी-बेरार’ सर्किटमध्ये, आणि तिथल्या चित्रपटांच्या पेट्या अमरावती-भुसावळच्या वितरकांकडून हलत. राज्याच्या सीमा बदलत गेल्या. ‘झनक झनक पायल बाजे’ १९५५ साली आला तेव्हा वऱ्हाड मध्य प्रदेशात होते. १ नोव्हेंबर १९५६ ला ते द्विभाषिक मुंबई राज्यात आले, १९६० साली महाराष्ट्रात, आणि १९९८ साली अकोल्यातून वाशीम हा वेगळा जिल्हा निघाला. सर्किटचे नाव मात्र जुन्या प्रांताचेच राहिले. नव्या चित्रपटाची प्रिंट आधी मोठ्या शहरात चाले, मग जिल्ह्याच्या ठिकाणी, मग तालुक्याला, आणि शेवटी टुरिंग टॉकीजच्या कनातीत पोचे. तोवर तिच्यावर रेघोट्या उठलेल्या असत. रीळ तुटे, ते चिकटवले जाई, आणि दर जोडाला काही चौकटी कायमच्या गळत. शेजारी जनरेटरचा आवाज, समोर बायका आणि पुरुष यांच्यामध्ये बांधलेली दोरी, आणि भाड्याने जी पेटी मिळेल तो खेळ.

या व्यवस्थेचा परिणाम नीट पाहायला हवा. इथे दिग्दर्शकाची कारकीर्द क्रमाने दिसतच नाही. रंगीत चित्रपट आधी आणि वीस वर्षे जुना कृष्णधवल नंतर, असे सहज होऊ शकते. ज्याला क्रमच मिळालेला नाही त्याला ‘पूर्वीचे शांताराम राहिले नाहीत’ असे म्हणता येत नाही. त्याच्यापुढे एका रात्रीचा एक चित्रपट असतो, आणि तो चित्रपट आपल्याशी कसा वागला एवढेच तो तोलू शकतो. ही कसोटी मला अधिक न्यायाची वाटते.

तिला पहिला दुजोरा मिळतो तो भडकपणाच्या आरोपातून. भव्य देखावा आणि डोळे दिपवणारी कारागिरी ‘राजकमल’ने आणली, हे खरेच नाही. १९३४ च्या ‘अमृतमंथन’मध्ये राजगुरूचा एक डोळा सारा पडदा व्यापतो. १९३३ मध्ये ‘सैरंध्री’ रंगीत करण्याचा खटाटोप त्यांनी थेट जर्मनीपर्यंत नेला होता आणि तो फसला होता. रंगांचा सोस त्यांच्यात पहिल्यापासून होता. ‘कुंकू’चा संयमसुद्धा कारागिराचाच आहे: पार्श्वसंगीत बाजूला ठेवायचे आणि घड्याळाच्या ठोक्यांतून म्हाताऱ्या नवऱ्याचे वय ऐकवायचे, हा काही कमी धीट प्रयोग नव्हे. तेव्हा शैली हा भेद नव्हे. खरा भेद मला एका प्रश्नात दिसतो: समोरच्या साध्या माणसाला सत्य पेलेल, यावर चित्रपटाचा विश्वास आहे की नाही?

‘माणूस’ (१९३९) आणि ‘पिंजरा’ (१९७२) शेजारी ठेवून पाहावेत. दोन्हींत एक प्रतिष्ठित पुरुष आणि समाजाने बाहेर ठेवलेली बाई आहे. ‘माणूस’मधला पोलीस गणपत मैनेवर प्रेम करतो, तिला गमावतो, कोसळतो आणि पुन्हा उभा राहतो. ‘देवदास’च्या लाटेला शांतारामांनी दिलेले ते उत्तर होते: प्रेम बुडाले म्हणून माणसाने बुडायचे नाही. ‘पिंजरा’तले गुरुजी तमाशातल्या चंद्रकलेच्या मागे जातात, दुसऱ्याच्या प्रेताला गाव त्यांचे प्रेत समजते, त्यांचा पुतळा उभारते, आणि अखेर स्वतःच्याच खुनाच्या आरोपाखाली ते फाशी स्वीकारतात. कशासाठी? गावाच्या मनातला आदर्श मोडू नये म्हणून. पहिला चित्रपट माणसाला वाचवतो, दुसरा पुतळ्याला. गावाला आपला मास्तर चुकला हे कळले तर गाव बिघडेल, असे ‘पिंजरा’ धरून चालतो. हा गावकऱ्यांवरचा अविश्वास आहे, आणि माझ्या मते शांतारामांची खरी घसरण इथे आहे. ती जगदीश खेबुडकरांच्या गीतांत नाही आणि राम कदमांच्या संगीतातही नाही.

यावर हरकत येईल, आणि ती वजनदार आहे. ‘पिंजरा’ डोक्यावर घेतला तो ग्रामीण महाराष्ट्रानेच. मग गावाच्या नावाने त्याला खाली ओढायचा अधिकार कुणाला? गर्दीचे उत्तर मी नाकारत नाही. डॉ. लागू, निळू फुले आणि संध्या यांची कामे, शंकर पाटलांचे संवाद आणि ती लावणी यांनी ते प्रेम कमावले होते. पण एखादी कलाकृती आवडणे आणि तिने आपल्याविषयी केलेला ग्रह मान्य करणे या वेगळ्या गोष्टी आहेत. गुरुजींसाठी रडणाऱ्या प्रेक्षकाला त्यांची चूक ठाऊक असते, तरी त्याची माया आटत नाही. म्हणजे पडद्यावरच्या गावाला जे पेलणार नाही असे चित्रपट म्हणतो, ते पडद्यासमोरचे गाव तीन तास पेलत असते.

दुसरी हरकत ‘दो आँखें बारह हाथ’ची. १९५७ चा हा चित्रपट १९४२ च्या रेघेपलीकडचा, तरी त्याला सगळेच मानतात. बर्लिनमध्येही तो गौरवला गेला. रेघवाले त्याला अपवाद म्हणतात. मला तो पुरावा वाटतो. औंध संस्थानातल्या स्वतंत्रपूरच्या खुल्या तुरुंगावरून गदिमांनी रचलेली ही कथा विश्वासावरच उभी आहे. तिचा कणा म्हणजे बाजाराचा प्रसंग. सहा खुनी कैदी स्वतः पिकवलेली भाजी बाजारात आणून रास्त भावाने विकतात, त्यामुळे तिथल्या व्यापाऱ्याचे बिनसते, मारहाण होते, आणि ज्या हातांनी खून केले ते हात या वेळी उगारले जात नाहीत. भाव पाडणारा कोण आणि घाम गाळणारा कोण, हे ज्याला आठवड्याच्या आठवड्याला पाहावे लागते, त्याला या प्रसंगाचे भाष्य लागत नाही. १९२५ च्या ‘सावकारी पाश’मध्ये शांतारामांनी स्वतः जमीन गमावलेला शेतकरी रंगवला होता. बत्तीस वर्षांनी ते पुन्हा त्याच माणसापाशी आले आणि या वेळी त्याच्या हाती पीक दिले.

‘जल बिन मछली’ला मी वाचवू शकत नाही. तिथे नाचापलीकडे विश्वास ठेवायला माणूसच उरत नाही. ‘नवरंग’ मात्र रेघेच्या वरच्या बाजूला ठेवावा लागतो, कारण बायकोत आपली मोहिनी शोधणाऱ्या त्या कवीची वेडगळ ओढ चित्रपट मनापासून मानतो. माझ्या क्रमात सर्वांत वर ‘माणूस’, त्याला खेटून ‘दो आँखें बारह हाथ’, मग ‘कुंकू’. सर्वांत खाली ‘जल बिन मछली’, आणि त्याच्या थोडाच वर, इतक्या गुणांचा असूनही, ‘पिंजरा’.