रसोड्याचा हिशेब आणि पडद्यावरचा वर्ग

वर्ध्यात वाणिज्यशिक्षण जुने आहे. जमनालाल बजाजांनी १९१४ मध्ये उभारलेल्या शिक्षा मंडळाने १९४० मध्ये गोविंदराम सेकसरिया वाणिज्य महाविद्यालय काढले. तिथले प्राचार्य श्रीमन्नारायण अग्रवाल यांच्या १९४४ च्या ‘गांधीयन प्लॅन’ला गांधीजींची प्रस्तावना आहे. याच वर्ध्यात ऑक्टोबर १९३७ च्या शिक्षण परिषदेतून नई तालीम निघाली. वाणिज्याच्या पुस्तकांत मात्र या दोन धारांची भेट होत नाही. व्यवस्थापनाच्या विद्यार्थ्यांचा ऑनलाइन अभ्यासगट कसा बांधावा, या प्रश्नाच्या मागे लागलो तेव्हा मला त्या शेजारी ठेवाव्या लागल्या.

हा प्रश्न २०२० च्या टाळेबंदीत जन्मला, असा आपला समज आहे. तो खरा नाही. जानेवारी १९८२ मध्ये कॅलिफोर्नियातील ला होया येथे वेस्टर्न बिहेवियरल सायन्सेस इन्स्टिट्यूटने कंपन्यांच्या अधिकाऱ्यांसाठी दोन वर्षांचा व्यवस्थापन अभ्यासक्रम चक्क संगणकावरून सुरू केला. टेलिफोनला मोडेम जोडायचा, निरोप टंकायचा, उत्तराची वाट पाहायची. इंटरनेट तेव्हा सामान्य माणसाच्या हाती नव्हते.

पहिला अनुभव कोरडा होता. प्राध्यापक लांबलचक मजकूर आणि प्रश्न टाकत; समोरून शांतता. वर्गात विद्यार्थ्याचा चेहरा तरी दिसतो, इथे गप्प बसलेला माणूस आहे की निघून गेलेला, हेही कळेना. तिथे काम करणारे तत्त्वज्ञ अँड्र्यू फीनबर्ग यांनी पुढे लिहिले, की शिक्षकाचे खरे काम चर्चा चालवण्याचे आहे. सुटे निरोप एकत्र विणायचे, कोण कुठे पोचले ते सांगायचे, पुढचा धागा काढून द्यायचा. शिवाय अधिकारी दर सहा महिन्यांनी आठवडाभर प्रत्यक्ष भेटत. ही भेट मला सर्वांत महत्त्वाची वाटते.

आता सेवाग्राम. आर्यनायकम आणि आशादेवी यांच्या शाळेत रसोडा मुलेच सांभाळत. धान्य किती, भाजी बागेतली की विकतची, ठरल्या पैशांत पोषण कसे बसवायचे, हे त्यांनी ठरवायचे. जबाबदाऱ्या सभेत वाटल्या जात आणि काम संपले की हिशेब सभेपुढे यायचा. मार्जोरी साइक्स यांच्या नई तालीमच्या इतिहासात हे सारे आहे. जमाखर्च शिकवायला याहून चांगला धडा कोणता? चुकीची नोंद झाली तर दुसऱ्या दिवशी ताटात दिसणार!

ला होयाच्या शांततेचे कारण मला इथे सापडते. प्राध्यापकाच्या प्रश्नाचे उत्तर दिले नाही तर कुणाचेच काही अडत नव्हते. सेवाग्रामच्या मुलाचे मौन मात्र सगळ्यांच्या पोटाशी भिडले असते. अर्थात ती मुले एकत्र राहत, एका पंगतीला बसत. पडद्यावर पंगत बसत नाही, आणि ही उणीव कोणतेही ॲप भरून काढणार नाही.

म्हणून आर्वी, कारंजा, समुद्रपूरच्या मुलांचा गट बांधायचा तर आधी त्यांना दोन दिवस हिंगणघाटच्या कापूस बाजारात एकत्र न्यावे, असे माझे मत आहे. भाव, आवक, वाहतूक आणि जिनिंगचा खर्च चौघांनी वाटून घ्यावा. नंतर घरी बसून प्रत्येकाने आपला आकडा दर आठवड्याला गटात टाकावा. एकाचा आकडा आला नाही तर बाकी तिघांचा ताळेबंद जुळणार नाही. मग विचारणा करायला शिक्षक लागत नाही. मुलेच एकमेकांना फोन करतात.