जुन्या घराचे दार : विकताना आणि घेताना

वाडा पाडायला घेतला की आधी कौले उतरतात आणि त्यापाठोपाठ दरवाजे-खिडक्या. पुण्याच्या पेठांतील वाडा असो की गिरगाव-लालबागमधील चाळ, भिंतीला घण लागण्यापूर्वी चौकटी सुटतात आणि टेम्पोत भरून बाजाराकडे रवाना होतात. घरमालकाच्या हिशेबात मात्र त्यांची स्वतंत्र नोंद क्वचितच होते. पाडकामाच्या ठेक्यात 'निघणारा सर्व माल ठेकेदाराचा' असे एक वाक्य असते आणि त्या एका वाक्यासरशी घरातील उत्तम लाकूड मलब्याच्या भावात हातचे जाते. दुसऱ्या टोकाला तेच दार हौसेने विकत घेणारा ग्राहकही अनेकदा लाकडाची पारख न करता केवळ 'जुने' या शब्दाची किंमत मोजतो. दोघांचेही नुकसान थोड्या माहितीने टळू शकते.

जुन्या लाकडाला मोल का?

शहरांतील जुन्या बांधकामांत चौकटी आणि झडपांसाठी सागाला पहिली पसंती असे. ब्रिटिश काळात ब्रह्मदेशातील साग समुद्रमार्गे मुंबईत येत असे. चंद्रपूर-बल्लारपूर पट्ट्यातील साग जुन्या 'सेंट्रल प्रॉव्हिन्सेस'वरून आजही 'सी.पी. साग' म्हणून ओळखला जातो. पूर्ण वाढलेल्या झाडाच्या गाभ्यातील लाकडात नैसर्गिक तेलाचा अंश असतो. त्यामुळे ते वाळवीला व ओलीला बराच काळ दाद देत नाही. शिवाय अनेक दशके घरात राहिलेले लाकूड पूर्ण वाळलेले असल्याने नव्या चौकटीसारखे पीळ खात नाही. कमी वयाच्या झाडाच्या लाकडात बाहेरचा पांढरट भाग जास्त असतो आणि तो भाग लवकर किडतो.

वाड्याच्या दारात लाकडाखेरीजही बरेच काही असते. चौकटीच्या वरच्या आडव्या लाकडावर कोरलेली गणेशपट्टी, झिजलेला उंबरा, लोखंडी किंवा पितळी कड्या-कोयंडे, भिंतीच्या खोबणीत सरकणारा अडसर हे सारे मिळून दार होते. दिनकर केळकर यांनी आयुष्यभर जमवलेल्या आणि 1975 मध्ये राज्य शासनाच्या स्वाधीन केलेल्या पुण्यातील संग्रहालयात असे कोरीव दरवाजे व खिडक्या पाहायला मिळतात. आपल्या घरातील दार सामान्य आहे की जपण्याजोगे, हे ठरवण्यापूर्वी तेथे एक फेरी मारणे उपयोगाचे ठरते.

हिशेब घनफुटांचा

लाकडाचा व्यवहार घनफुटावर चालतो. लांबी फुटांत, रुंदी व जाडी इंचांत घ्यावी, तिन्हींचा गुणाकार करावा आणि त्यास 144 ने भागावे. सात फूट उंच आणि साडेतीन फूट रुंद अशा उंबऱ्यासह चौकटीची एकूण लांबी 21 फूट भरते. लाकूड पाच बाय तीन इंचांचे असेल, तर 21 गुणिले 5 गुणिले 3 भागिले 144, म्हणजे सुमारे 2.19 घनफूट लाकूड होते. याच चौकटीतील साडेसहा फूट बाय तीन फुटांचे, दीड इंच जाडीच्या सलग फळ्यांचे दार सुमारे 2.44 घनफूट भरते. म्हणजे एका दारामागे साडेचार घनफुटांहून अधिक लाकूड. चार दारे आणि आठ खिडक्यांच्या घरात हा आकडा कुठवर जातो, याचा अंदाज कोणालाही घरबसल्या करता येईल.

हे गणित हाती आल्यावर टिंबर मार्केटमधील दोन-तीन व्यापाऱ्यांकडे जुन्या सागाचा घनफुटाचा भाव विचारावा. खिळ्यांची भोके, कुजलेली टोके आणि बिजागऱ्यांच्या खाचा यांपोटी व्यापारी काही घट धरतो. ती रास्तच असते. मात्र घट किती धरली, हे विचारून घ्यावे. कोरीव काम असलेल्या वस्तूचा भाव घनफुटावर ठरवू नये, तिची बोली वेगळी करावी.

विकण्यापूर्वी

पहिला प्रश्न मालकीचा. भाड्याच्या इमारतीत चौकटी सामान्यतः इमारतीचा भाग समजल्या जातात. भाडेकरूने स्वखर्चाने बसवलेले दार कोणाचे, यावरून ऐन वेळी वाद होतात. ते टाळायचे असतील तर घरमालक आणि भाडेकरू यांनी तसे आधीच लेखी ठरवावे. सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या पुनर्विकासात विकसकाशी होणाऱ्या करारात पाडकामातून निघणाऱ्या मालाचे कलम बहुधा असते. 4 जुलै 2019 च्या शासननिर्णयानुसार पुनर्विकासाचे महत्त्वाचे निर्णय सर्वसाधारण सभेसमोर येतात. त्यामुळे हे कलम वाचून घेण्याची आणि आपल्या घराचे दार नेण्याची मुभा मागण्याची योग्य वेळ तीच. ताबा दिल्यानंतर केलेल्या विनंतीला अर्थ उरत नाही.

दुसरी गोष्ट नोंदीची. प्रत्येक दार-खिडकीला क्रमांक द्यावा, माप लिहावे, दोन्ही बाजूंची छायाचित्रे काढावीत. चौकट पहारीने उचकटली की सांधे फुटतात आणि निम्मी किंमत तेथेच जाते. त्यामुळे चौकटी सुताराकडून सुट्या करून घ्याव्यात आणि त्यानंतरच पाडकाम सुरू करावे, अशी अट ठेक्यात घालावी. कड्या, कोयंडे आणि बिजागऱ्या त्या-त्या दारासोबत बांधून ठेवाव्यात.

शंभर वर्षांची मर्यादा

1972 च्या पुरावशेष आणि कलानिधी अधिनियमात पुरावशेषाची व्याख्या व्यापक आहे. किमान 100 वर्षे जुनी कारागिरीची वस्तू, तसेच इमारतीतून सुटी केलेली तितकीच जुनी वस्तूही तीत येते. असे पुरावशेष विकण्याचा व्यवसाय करण्यासाठी परवाना लागतो आणि खासगी व्यक्तीला ते परदेशी पाठवण्यास मनाई आहे. परदेशातील नातेवाइकांना आजोळचे कोरीव दार भेट म्हणून धाडू इच्छिणाऱ्यांनी ते बांधण्यापूर्वी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे विचारणा करावी. वस्तू पुरावशेष नसल्यास तसे प्रमाणपत्र तेथून मिळते. 1920 च्या दशकात उभी राहिलेली घरे आता एकेक करून शंभरी ओलांडत आहेत, हे लक्षात घेता हा प्रश्न फक्त पेशवेकालीन वाड्यांपुरता राहिलेला नाही. वास्तू महापालिकेच्या वारसा यादीत असेल, तर दारे-खिडक्या काढण्यापूर्वीच संबंधित विभागाची परवानगी आवश्यक आहे का, हे पाहावे.

घेणाऱ्याने काय पाहावे?

जोगेश्वरीतील ओशिवरा फर्निचर बाजारात किंवा मुंबईच्या चोर बाजारात जुनी दारे शोधत फिरणाऱ्यांची संख्या कमी नाही. मागणी असली की नकलाही येतात. नव्या लाकडाला गडद रंग देऊन आणि साखळीने ठोकून त्याला 'जुने' केले जाते. खऱ्या जुन्या दाराची झीज हात आणि पाय लागतात तेथेच असते : कडीभोवती, उंबऱ्याच्या मध्यावर, झडपेच्या खालच्या कडेला. सगळीकडे सारखी झीज दिसली तर शंका घ्यावी. रंगाचे थर सांध्यांच्या आत आणि बिजागरीच्या खाचेत उतरलेले असावेत. न दिसणाऱ्या जागी रंधा मारून घेतल्यास सागाचा सोनेरी तपकिरी रंग आणि तेलकट वास लगेच कळतो.

चौकटीचे खालचे वीतभर लाकूड सर्वात आधी तपासावे. फरशी धुतल्याचे पाणी तेथेच मुरते. टोचा सहज आत गेला, ठोकल्यावर पोकळ आवाज आला किंवा भोकांतून ताजा भुसा पडला, तर वाळवी अथवा भुंग्याने आत घर केले आहे असे समजावे. चौकट गुण्यात आहे का, हे पाहण्यासाठी दोन्ही कर्ण मोजावेत. ते समान नसतील तर झडप नीट बसणार नाही.

वाड्यांची आतली दारे अनेकदा ठेंगणी असतात, तर फ्लॅटमध्ये साधारणपणे सात फुटी चौकट असते. दार आवडले म्हणून आधी विकत घेऊन मग भिंत फोडण्यापेक्षा घरचे माप खिशात ठेवून बाजारात जावे. दार डाव्या हाताला उघडते की उजव्या, हेही तेव्हाच पाहावे. इमारतीच्या दर्शनी बाजूची खिडकी बदलायची असल्यास संस्थेची परवानगी घ्यावी.

एक सावधगिरी आरोग्याची. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्षात 90 भागांपर्यंत मर्यादित करणारा नियम देशात नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला. त्यापूर्वीच्या रंगांत शिसे अधिक असू शकते आणि त्याची धूळ लहान मुलांना विशेष घातक असते. म्हणून जुना रंग राहत्या घरात कोरडा घासू नये. हे काम मोकळ्या जागेत, पृष्ठभाग ओला ठेवून, तोंडाला योग्य मुखवटा बांधून करावे आणि खरवड गोळा करून वेगळी टाकावी.

व्यवहार कितीही छोटा असला तरी पावती घ्यावी. तीवर माप, लाकडाचा प्रकार आणि माल कोणत्या इमारतीतून आला, हे लिहून मागावे. रिकाम्या वास्तूतून परस्पर काढलेला माल गळ्यात पडू नये, यासाठी एवढी खबरदारी पुरते. विकणाऱ्याने मात्र याहून आधी एक काम उरकावे. ठेकेदाराच्या कागदावर सही करण्यापूर्वी टेप आणि वही घेऊन घरातून एकदा फिरावे. मोजलेले दार मलब्यात सहसा जात नाही.