शेपटीवाली क्रियापदे

इंग्रजीतले 'पुट' हे क्रियापद आपण शाळेत अगदी सुरुवातीलाच शिकतो. पुट म्हणजे ठेवणे. इतके सोपे! पण त्याच्यामागे एखादा चिमुकला शब्द येऊन उभा राहिला, की हाच 'पुट' ओळखू येईनासा होतो. 'पुट ऑन' म्हणजे अंगात घालणे, 'पुट ऑफ' म्हणजे लांबणीवर टाकणे, 'पुट आउट' म्हणजे विझवणे आणि 'पुट अप विथ' म्हणजे निमूटपणे सोसणे. ठेवण्याचा आणि विझवण्याचा संबंध काय, असे मुले विचारतात. त्यावर बहुतेक वेळा एकच उत्तर मिळते, 'पाठ करा.' मला वाटते, याहून चांगले उत्तर आहे आणि ते इतिहासात सापडते.

आधी घरातलेच उदाहरण घेऊ. संस्कृतात 'हृ' असा धातू आहे. त्याचा अर्थ नेणे, घेणे. त्याच्याआधी वेगवेगळे उपसर्ग लावले की आहार, विहार, प्रहार, संहार, परिहार असे शब्द तयार होतात. धातू एकच, पण जेवणापासून विनाशापर्यंतचा पल्ला त्याने गाठला. या उपसर्गांना स्वतःचा अर्थ असतो का, यावर आपल्याकडे फार पूर्वी वाद झाला होता. यास्काचार्यांच्या 'निरुक्ता'त तो नोंदलेला आहे. शाकटायन म्हणत, सुटे केले तर उपसर्ग अर्थ सांगत नाहीत. गार्ग्य म्हणत, त्यांना स्वतःचे अर्थ आहेत. इंग्रजीतल्या 'अप', 'ऑफ', 'आउट' या शब्दांपुढेही नेमका हाच प्रश्न उभा राहतो. व्याकरणाच्या काटेकोर भाषेत यांतले काही शब्दयोगी अव्यये ठरतात, तर काही क्रियाविशेषणे. आपण मात्र सोयीसाठी त्यांना क्रियापदाची शेपटी म्हणू.

गंमत अशी, की इंग्रजीलाही पूर्वी शेपटीपेक्षा शिंगांचीच हौस होती. हजारएक वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत संस्कृतासारखे उपसर्ग क्रियापदाच्या पुढे जोडले जात. त्यांतले काही आजही टिकून आहेत. 'फर्गिव्ह' म्हणजे क्षमा करणे, 'ओव्हरकम' म्हणजे मात करणे, 'विथस्टँड' म्हणजे टिकाव धरणे. या शेवटच्या शब्दाकडे जरा नीट पाहा. आज 'विथ' म्हणजे सोबत. मग सोबत उभे राहणारा टिकाव कसला धरणार? पण जुन्या इंग्रजीत 'विथ'चा मुख्य अर्थ 'विरुद्ध' असा होता. विरुद्ध उभा राहिला, म्हणून टिकाव धरला. 'फाइट विथ' म्हणताना तो जुना अर्थ अजूनही डोके वर काढतो. आपण तरी काय, मराठीत शत्रूशी लढतो आणि मित्राशी बोलतो, 'शी' एकच!

मग हे उपसर्ग पुढून मागे कसे गेले? उपसर्ग झिजत होते आणि 'अप', 'आउट' हे सुटे शब्द क्रियापदांच्या सोबतीला येऊ लागले होते. अशातच शेजारी आले. इसवी सन 793 मध्ये उत्तरेकडच्या समुद्री टोळ्यांनी इंग्लंडच्या किनाऱ्यावरचा लिंडिसफार्नचा मठ लुटला. पुढे नवव्या शतकाच्या उत्तरार्धात हेच लोक देशाच्या उत्तर आणि पूर्व भागांत जमिनी कसून राहू लागले. लुटारूंचे शेतकरी झाले, शेजारी झाले, सोयरेही झाले. त्यांच्या नॉर्स भाषेतले जुने उपसर्ग आधीच गळून पडले होते आणि दिशा दाखवणारे शब्द क्रियापदानंतर येत होते. इंग्रजीतले कल त्यामुळे बळावले असावेत, असे अनेक अभ्यासक मानतात. एक गोष्ट मात्र पक्की आहे. 'टेक', 'गेट' आणि 'कॉल' ही क्रियापदे इंग्रजीला याच शेजाऱ्यांकडून मिळाली. आज सर्वांत जास्त शेपट्या कोणाला लागतात, हे पाहायला गेले तर 'टेक' आणि 'गेट' अगदी पुढच्या रांगेत सापडतील.

याचा एक जुना लेखी पुरावा मोठा वाचनीय आहे. पूर्व इंग्लंडातल्या पीटरबरोच्या मठातले साधू आपल्या भाषेत बखर लिहीत असत. तिचा अखेरचा भाग 1154 च्या सुमाराचा. त्यात राजा स्टीफनची हकिगत आहे. या राजाने सॉल्झबरीचे बिशप रॉजर आणि लिंकनचे बिशप अलेक्झांडर यांना कैदेत टाकले आणि त्यांनी आपले किल्ले स्वाधीन करेपर्यंत सोडले नाही. 'स्वाधीन केले' हे सांगताना बखरकाराने जे शब्द वापरले, ते आजच्या 'गेव्ह अप'चेच जुने रूप. गडकिल्ले कोणी कोणाच्या हवाली केले, ही भाषा आपल्या बखरी वाचणाऱ्यांना काही परकी नाही! पुढे हाच 'गिव्ह अप' किल्ल्यावरून आशेवर आला आणि आशेवरून सिगारेटवर.

पण त्या वेळी राजदरबारात फ्रेंच चालत होती. 1066 मध्ये नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकल्यापासून दरबार आणि बडे सरदार फ्रेंच बोलत, तर चर्चचा कारभार लॅटिनमध्ये चाले. शरण जाण्याला त्यांचा शब्द होता 'सरेंडर'. आत जाण्याला सामान्य माणूस 'गो इन' म्हणे, दरबारी शब्द 'एंटर'. पुढे विद्वानांनी लॅटिनमधून आणखी भर घातली. 'पुट आउट'ला 'एक्स्टिंग्विश', 'पुट ऑफ'ला 'पोस्टपोन'. अशा रीतीने इंग्रजीचा वाडा दुमजली झाला. माडीवर फ्रेंच आणि लॅटिनचे भारदस्त शब्द, खाली माजघरात आणि शेतावर शेपटीवाली क्रियापदे.

या शेपट्या मुळात जागा आणि दिशा दाखवत. 'आउट' म्हणजे बाहेर. जे बाहेर गेले ते नाहीसे झाले, म्हणून विझलेला दिवाही 'आउट'. 'ऑफ' म्हणजे अलग, दूर. दूर सारलेले काम ते 'पुट ऑफ'. मराठीतही आपण काम 'पुढे ढकलतो'च की! 'अप' म्हणजे वर. भांडे काठापर्यंत वर भरले की पुरे भरले, तशी 'अप'ला पूर्णतेची छटा आली. 'ईट' म्हणजे खा, 'ईट अप' म्हणजे खाऊन टाक. हे 'टाक' पाहिलेत? आई मुलाला 'दूध पिऊन टाक' म्हणते, तेव्हा ते फेकायला सांगत नाही. 'हे काय करून बसलास?' यातले बसणेही खुर्चीवरचे नव्हे. इंग्रजी जे काम चिमुकल्या शेपटीकडून करून घेते, ते मराठी दुसऱ्या क्रियापदाकडून करून घेते. जो माणूस मराठीत 'टाक' आणि 'बस' बिनचूक वापरतो, त्याला 'अप' आणि 'ऑफ' अगम्य वाटण्याचे कारण नाही.

कोशकारांनाही या शेपट्यांनी दमवले. डॉ. सॅम्युएल जॉन्सन यांनी 1755 च्या आपल्या कोशाच्या प्रस्तावनेत, परकीयांना या प्रयोगांची सर्वाधिक अडचण होते, असे मान्य करून ते विशेष काळजीने नोंदवले. एकट्या 'टेक'चे त्यांनी शंभराहून अधिक अर्थ दिले. या प्रयोगांचे 'फ्रेझल व्हर्ब' हे नाव लोगन पिअरसॉल स्मिथ यांच्या 1925 च्या पुस्तकामुळे रूढ झाले. पुढे 1930 मध्ये सी. के. ऑग्डेन यांनी जगासाठी साडेआठशे शब्दांची 'बेसिक इंग्लिश' तयार केली आणि तीत क्रियापदे ठेवली अवघी 18. बाकीचा कारभार 'गो', 'पुट', 'गेट' यांना शेपट्या लावून चालवायचा होता. शब्द कमी झाले खरे, पण शिकणाऱ्याचे ओझे कमी झाले नाही. त्याला शेपट्यांचे अर्थ शिकावेच लागले.

आपल्याकडे इंग्रजी आली ती माडीच्या जिन्याने. 1835 मध्ये कंपनी सरकारने इंग्रजी शिक्षणाचे धोरण ठरवले, 1857 मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झाले. आणि आपण ही भाषा शिकलो ती ग्रंथांतून, कचेरीतल्या अर्जांतून आणि कायद्याच्या कलमांतून. म्हणून आपल्याला 'टॉलरेट' लगेच समजतो आणि 'पुट अप विथ'शी मात्र अडखळायला होते. मोठमोठे शब्द येणारा हुशार पदवीधर साध्या गप्पांत गप्प बसतो आणि मनातल्या मनात स्वतःला कमी लेखतो. त्याला मी एवढेच सांगेन, की यात तुमच्या बुद्धीचा दोष नाही. तुम्हाला वाड्याची माडी दाखवली गेली, माजघर दाखवायचे राहून गेले.

माजघरात शिरायची वाट अवघड नाही. शेपटी दिसली की आधी तिची दिशा विचारा : वर, खाली, आत, बाहेर, जवळ की दूर? मग ती ज्या वाक्यात आली, ते पूर्ण वाक्य मोठ्याने म्हणा. सगळ्याच शेपट्यांचा माग सरळ लागणार नाही; काही पाठ कराव्याच लागतील. पण जिथे माग लागेल, तिथे एखादा शेतकरी, एखादा खलाशी किंवा कैदेतला बिशप तुमची वाट पाहत उभा असेल.