शब्दवेध : ह्युरिस्टिक

‘युरेका’ म्हणजे ‘सापडलं’. आर्किमिडीजच्या नावावरचा हा ग्रीक उद्गार शाळेपासून आपल्या ओळखीचा आहे. ‘ह्युरिस्टिक’ म्हणजे उत्तर शोधण्याची कामचलाऊ युक्ती; हा शब्द ‘युरेका’चा सख्खा भाऊ. दोघांचं मूळ ‘शोधून काढणे’ या अर्थाच्या एकाच ग्रीक धातूत आहे. गणितज्ञ जॉर्ज पोल्या यांनी १९४५ साली ‘हाउ टु सॉल्व्ह इट’ या पुस्तकातून या शब्दाला नवी उभारी दिली.

शब्दाचा कस लागतो तो फिरत्या विक्रेत्याच्या कोड्यात. घर धरून २० गावं एकेकदा गाठून सर्वांत छोट्या मार्गाने परतायचं, तर तपासायचे मार्ग होतात सुमारे ६ कोटी अब्ज! सगळे तपासणार कोण? मग कसाही एक मार्ग आखायचा आणि त्यात एकमेकींना छेदणाऱ्या दोन रेषा हेरायच्या. त्या पुसून टोकं दुसऱ्या तऱ्हेने जोडली, की फुली सुटते आणि सपाट नकाशावर मार्ग हमखास आखूड होतो. पुन्हा फुली, पुन्हा जोडणी. एवढ्या साध्या युक्तीने इतकं साधतं, याचं मला फार अप्रूप वाटतं. शेन लिन आणि ब्रायन कर्निघन यांनी १९७३ साली ही अदलाबदल दोनहून अधिक रेषांपर्यंत नेली. हाती आलेला मार्ग सर्वांत छोटाच असेल, अशी हमी मात्र या पद्धती देत नाहीत.